वाणातली काठी

हरिभाऊंना एखादी वस्तू घ्यायची म्हटली की वस्तूच्या आधी चौकशी घरात यायची आणि ठाण मांडून बसायची. कुलर घ्यायचा होता तेव्हा त्यांनी आर्वीतली सगळी दुकानं पालथी घातली, मग पुलगाव, मग वर्धा, आणि शेवटी आर्वीतल्याच पहिल्या दुकानातला पहिला कुलर उचलून आणला. तोवर उन्हाळा संपला होता. शाळेत हेडक्लार्क होते. खडूच्या खोक्यालासुद्धा तीन ठिकाणचे भाव आल्याशिवाय हात लावत नसत. सुमतीबाई म्हणायच्या, "मले पाहाले आलते तवा बरं एकाच फेरीत हो म्हणून गेलते." त्यावर हरिभाऊ गंभीरपणे सांगत, "चौकशी आधीच करून घेतलती."

तर असा हा माणूस यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात मासे धरायच्या काठीच्या मागं लागला होता. ज्या घरातून अंड्याचा केक दारातूनच परत जातो, त्या घरात जेवताना गळ, दोरी, रीळ असले शब्द सुरू झाले. मोबाइलवर काठ्यांचे फोटो, आणि व्हिडिओंत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलेले गोरे म्हातारे. हरिभाऊ ते व्हिडिओ मधेच थांबवत, मागं नेत आणि पुन्हा पाहत. त्यातलं इंग्रजी त्यांना अर्धं कळे आणि मासेमारी अजिबात कळत नसे. पण कळून घेणं भाग होतं. काठी जावयासाठी होती, आणि लेकीचा संसार आता या एका काठीवर अवलंबून आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

लेक चारुता होळीनंतर माहेरी आली ती राहिलीच. जावई अभिराम नागपूरचा, इंजिनिअर. कुल्लूच्याही पुढं डोंगर पोखरून वीज काढायच्या एका प्रकल्पावर त्याची नोकरी. तिथल्याच एका खेड्यात दोघांनी भाड्यानं लाकडी घर घेतलं होतं. मार्चमध्ये चारुताचं पोट पडलं. तिसरा महिना होता. सुमतीबाईंनी हे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हळू आवाजात सांगितलं. हरिभाऊ "बरं" म्हणाले आणि बाहेर जाऊन सायकल पुसत बसले. सायकल स्वच्छच होती.

आठवड्याभरानं चारुता एक बॅग घेऊन आली. विश्रांतीला आली असंच सगळ्यांनी धरलं. विश्रांतीत एप्रिल गेला, मे अर्धा सरला. जावयाचा फोन आधी रोज यायचा, मग अधूनमधून, आणि मग तिच्या खोलीतून रिंगच ऐकू येईना.

घरात तिला कोणी काही विचारलं नाही. हरिभाऊंचं म्हणणं, असलं बायकांनी विचारायचं असतं. सुमतीबाईंचं म्हणणं, पोरगी आपणहून सांगेल, तिला टोकू नये. आणि चारुता सांगत नव्हती. भाजी निवडायची, कुलरमध्ये पाणी भरायची, आईचे पाय चेपायची आणि दुपारभर पंख्याकडे पाहत पडून राहायची. विचारायचं काम शेवटी शेजारच्या रूपरावांनी केलं. रूपराव कापसाच्या दलालीतले. कुठल्याही गाठोड्यात हात खुपसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कुंपणावरून म्हणाले, "हरिभाऊ, उन्हाळ्यात लोकं आर्वीहून कुल्लूले जाते. तुमची पोरगी कुल्लूहून आर्वीले काऊन आली बाप्पा?"

अंगण भाजून निघालं होतं. हरिभाऊ म्हणाले, "तिले इथलं ऊन मानवते," आणि आत येऊन माठातलं पाणी घटाघटा प्यायले.

त्यात धोंडा लागला. तीन वर्षांनी येणारा हा जादा महिना म्हणजे जावयांची सुगी. लेक आणि जावई यांना लक्ष्मीनारायण मानून शेजारी शेजारी पाटांवर बसवायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि वर जावयाच्या मनासारखी एखादी वस्तू. चारुताच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. जावयाला बोलवायला हरिभाऊंना कारण हवं होतं आणि ते पंचांगानंच काढून दिलं. एकदा पोरगा घरात आला, पाटावर बसला, पोट भरून जेवला, की परत जाताना लेकीला 'चल' म्हणेलच. न म्हणायला काय झालं? पोरगा चांगला होता. दारू नाही, आरडाओरडा नाही, हुंड्याचं नावही काढलं नव्हतं. लग्नात पाठवणीच्या वेळी हरिभाऊंनी त्याचे दोन्ही हात धरून म्हटलं होतं, "जपून न्या. नाजूक आहे." आणि तो म्हणाला होता, "जपीन बाबा. काळजी नका करू."

फोन त्यांनी अंगणात जाऊन केला.

"जावईबापू, यंदा धोंडा आहे. तुम्हाले यावंच लागते. अन् वाणात काय पाह्यजे ते मोकळेपणानं सांगजा."

पलीकडून अभिराम म्हणाला, "हो बाबा. मला तसंही यायचंच होतं."

हरिभाऊंचे डोळे भरून आले. यायचंच होतं! बायकोच्या ओढीनं माणूस आणखी काय बोलतो? त्यांनी मग वस्तूचा आग्रह धरला. काही नको, खरंच काही नको, असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा पोरगा सुटका करून घ्यायला बोलून गेला, "एक हलकी फ्लाय रॉड घ्यायचं डोक्यात होतं. लहान ओढ्यांवर ट्राउट मासे धरायला, प्रवासात नेता येईल अशी. पण ती मी बघीन बाबा, तुम्ही नका..." पुढचं 'नका' हरिभाऊंपर्यंत पोचलं नाही. वाण द्यायला निघालेल्या सासऱ्याला ते ऐकू येत नसतंच.

सुमतीबाई अनारशांचे तांदूळ भिजत घालत होत्या. ऐकून त्यांचा हात पाण्यातच राहिला. "धोंड्याच्या महिन्यात? मासे मारायची काठी? अन् ती मी अनारशाच्या ताटात ठेवू?"

"मारत नाई तो. पकडते अन् सोडून देते. त्यांच्यात तसंच असते."

"सोडूनच द्याचं होतं तर पकडलं कशाले?" सुमतीबाईंनी विचारलं. याचं उत्तर हरिभाऊंना एकाही व्हिडिओत सापडलं नव्हतं.

चौकशीला मात्र ते जोमानं भिडले. रूपरावांना विचारलं, त्यांनी रोहण्याकडच्या एका ओळखीच्या माणसाचं नाव सांगितलं. त्याचा सल्ला असा की बांबूची घ्या, फुकट मिळते. वर्ध्याच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात फोन लावला. तिथल्या पोराला वाटलं यांना कॅरमची काठी हवी आहे, आणि कॅरमला काठी नसते हे तो यांनाच समजावत बसला. उरला मोबाइल. त्यात काठ्याच काठ्या. सहा फुटी, नऊ फुटी, दोन तुकड्यांची, सहा तुकड्यांची, कार्बनची, काचतंतूची. प्रत्येकीला एक नंबर, आणि तो नंबर काठीच्या वजनाचा नसून दोरीच्या वजनाचा, हे कळायलाच त्यांना आठवडा गेला. वाणाचा दिवस पुढ्यात येऊन ठेपला. चुकीची काठी गेली तर जावयाला वाटेल, सासऱ्यानं कसंतरी उरकलं. आणि हे उरकायचं काम नव्हतं.

एका दुपारी ते कुलरसमोर मोबाइल घेऊन घामाघूम बसले होते. चारुता पाणी भरायला आली. मागं उभं राहून तिनं स्क्रीनकडं पाहिलं.

"नऊ फुटी नका घेऊ बाबा."

हरिभाऊंनी वळून पाहिलं. दोन महिन्यांत लेक आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. "काऊन?"

"तिथले ओढे अरुंद राह्यते. आपल्या गल्लीएवढे. वरून झाडं वाकलेली. लांब काठी फांद्यांत अडकते." ती बादली ठेवून त्यांच्या शेजारी टेकली. "साडेसात फूट बस झाली. अन् दोरी तीन नंबरची. दोन नंबरची वाऱ्यात टिकत नाई. पाच नंबरची पाण्यावर धप्पकन पडते अन् मासा पळून जाते. ओढ्यातले ट्राउट लहान असते बाबा, इतके. त्याले जड काठी लावली तर हाताले काही समजतच नाई."

"अन् तुकडे? सहा तुकड्यांची लहान घडी होते. प्रवासाले बरी न?"

"चार घ्या. जेवढे जोड जास्त तेवढे झंझट. चार तुकड्यांची बॅगेत मावते, बसच्या फळीवर मावते. अन् फार ताठ नको. थोडी लवणारी पाहा. जवळच फेकायचं असते न, ताठ काठी जवळ फेकाले लवतच नाई." हे सांगताना तिचा उजवा हात मनगटापासून हलत होता, मागं, थांबून, मग पुढं.

हरिभाऊ पाहतच राहिले. एवढं बारीक माहीत आहे पोरीला! नवऱ्याच्या आवडीचं बायकोला एवढं माहीत असतं, तिथं मोडण्यासारखं काय असणार? त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला. दोघं बापलेक तासभर काठ्या पाहत बसले. तिनं नावं वाचली, नाकं मुरडली, एका काठीच्या बुचाच्या मुठीवरून 'हे लवकर झिजते' म्हणाली, आणि एक हिरवट रंगाची, साडेसात फुटी, तीन नंबरची, चार तुकड्यांची निवडली. सोबत रीळ, दोरी आणि गळाला लावायच्या, पिसांच्या खोट्या माश्यांची डबी. वजन पाहून हरिभाऊंचा विश्वास बसेना. केळ्याएवढंही नव्हतं.

"बटण तूच दाब," ते म्हणाले. "तुयाच हातानं जाऊ दे."

चारुतानं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं आणि दाबलं. त्या रात्री हरिभाऊंना बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

पार्सल आलं ते जावई येण्याच्या आदल्या दिवशी. ऊन उतरल्यावर हरिभाऊंनी अंगणात सडा मारला आणि पार्सलमधल्या लांब नळीचं झाकण काढलं. आतून कापडी पिशवी, पिशवीतून चार तुकडे. त्यांना ते जोडता येईनात. टोकाचा तुकडा मुठीला लावू पाहत होते. चारुतानं काठी त्यांच्या हातून घेतली. चारही तुकडे ओळीत बसवले, एका डोळ्यानं नेम धरून कड्या सरळ केल्या, दोरी ओवली आणि अंगणाच्या मधोमध उभी राहिली. हात मागं गेला, थांबला, पुढं आला. दोरी कडुनिंबापर्यंत गेली आणि ओल्या मातीवर अलगद, सरळ रेघेत पडली. मातीवरचा कावळासुद्धा उडाला नाही. तिनं पुन्हा फेकली. ती हसत होती.

सुमतीबाई दारात अनारशाच्या पिठाचे हात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं आणि हरिभाऊंनी मान डोलावली. म्हणालो नव्हतो?

"तुले तर मस्तच जमते," हरिभाऊ म्हणाले. "कोणी शिकवलं?"

"अभिरामनं. पहिल्या वर्षी दोघं जायचो."

"मग आता अजून जाजा. ही काठी दोघांत ठेवा." आणि मनात महिनाभर घोळवलेलं वाक्य त्यांनी तिथंच सोडून दिलं. "तो उद्या येऊन राह्यला चारू. न्याले येऊन राह्यला."

चारुतानं दोरी गुंडाळून घेतली. मग ओट्यावर बसून एकेक तुकडा सोडवून फडक्यानं पुसत म्हणाली, "बाबा, माहं पोट पडलं न, त्या दिवशी तो ओढ्यावर गेलता. वरती, जंगलात. तिथं फोन लागत नाई."

हरिभाऊ उभेच होते.

"सकाळीच मी म्हटलंतं, आज कंबर दुखून राह्यली, नको जाऊ. तो म्हणे दुपारपर्यंत येतो. सीझन तवाच सुरू झालता. दुपारी घरमालकीणबाईनं मले तिच्या जीपमधी टाकून दवाखान्यात नेलं. रस्ता असा आहे की..." ती थांबली. "तो अंधार पडल्यावर आला. रडला लय. पाया पडला. त्यानं मुद्दाम केलं असं नाई म्हणत मी. पण बाबा, पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला. म्हणे, घरात मले श्वास लागते. अन् मी त्या घरात एकटी होती."

"अगं मग..." हरिभाऊंनी पिशवीकडं बोट केलं. "मग ही काठी तू काऊन निवडून दिली? मले बोलली काऊन नाई?"

"तुम्ही विचारलं म्हणून." तिनं शेवटचा तुकडा पिशवीत सरकवला. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच हरिभाऊंना सहन होईना. "आल्यापासून या घरात मले कोणी काहीच विचारलं नाई बाबा. तुम्ही पहिल्यांदा विचारलं ते काठीचं विचारलं. मग मी काठीचं सांगतलं."

ती नळीचं झाकण लावून आत गेली. हरिभाऊ कडुनिंबाखाली तसेच उभे राहिले. मागून सुमतीबाईंनी डोळे पुसले ते पिठाच्या हातानं, आणि पांढऱ्या तोंडानं त्या तशाच चुलीकडं वळल्या. त्यांनाही यातलं अर्धंच माहीत होतं.

रात्री जेवताना हरिभाऊ म्हणाले, काठी नकोच, आपण चांदीचा दिवा देऊ. सुमतीबाई म्हणाल्या, दिवा आता आणता कुठून, दुकानं बंद. बोलावणंच रद्द करावं तर पोरगा गाडीत बसून निघालेला. शाळेत तीस-पस्तीस वर्षं सगळं वेळेवर करणारा हा माणूस, आणि आता काय करावं ते त्याला सुचेना. चारुतानं ताटावरून उठता उठता सांगितलं, "द्या बाबा तीच. चांगली काठी आहे." आणि खरं सांगायचं तर एवढं सगळं ऐकूनही हरिभाऊंच्या मनात खोलवर एक वात जळतच होती. तो येतोय ना? यायचंच होतं म्हणाला ना? नवरा-बायकोत होतं, मिटतं. मिटवायलाच येत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ऑटो थांबला. सुमतीबाई खिडकीत होत्या. त्यांचा आवाज चढला, "अहो, दोन मोठ्या बॅगा आहे! अन् एक खोकंही! राहाले आले वाटते." हरिभाऊ चप्पल न घालताच धावले. अभिराम वाळला होता, दाढी वाढली होती. त्यानं वाकून नमस्कार केला. बॅगा इतक्या जड की ऑटोवाल्यानं आणि हरिभाऊंनी मिळून एक उचलली. एवढं सामान घेऊन माणूस एका दिवसासाठी येत नाही. हरिभाऊंच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं. कुंपणापलीकडून रूपराव पाहत होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "या जावईबापू, निवांत राहा आता!"

बॅगा चारुताच्या खोलीत ठेवल्या. हरिभाऊ पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेले आणि दाराशीच थांबले.

आत अभिराम खाली बसून बॅगेची चेन उघडत होता. "तुझे लोकरीचे सगळे यात आहेत. शाली खाली आहेत. खोक्यात पुस्तकं आणि तो निळा चहाचा सेट, एक कप फुटला वाटेत. तू म्हणाली होतीस ती रजाई नाही मावली गं. पार्सल करतो."

"राहू दे रजाई," चारुता म्हणाली. "इथं काय कामाची?"

तांब्यातलं पाणी हरिभाऊंच्या पायांवर सांडलं. म्हणजे या दोघांचं आधीच ठरलं होतं. फोनवर, कधीतरी दुपारी, दार लावून. यायचंच होतं म्हणाला तो हे पोचवायला. एवढ्या मोठ्या घरात चौकशीशिवाय एवढी एकच गोष्ट झाली होती.

अभिराम उठून बाहेर आला. "बाबा, मला तुमच्याशी बोलायचं होतं. हे वाण वगैरे... हे बरोबर नाही. मी नुसता..."

"आधी जेवून घ्या," हरिभाऊ घाईनं म्हणाले. "जेवल्यावर बोलू." ऐकण्याची त्यांची तयारी नव्हती. जोवर बोलणं झालं नाही तोवर झालेलं नाही, असं त्यांना वाटत होतं.

देवघरासमोर दोन पाट मांडले होते, भोवती रांगोळी. अभिराम एका पाटावर अवघडून बसला. दुसरा रिकामा. सुमतीबाई कुंकवाची वाटी हातात धरून उभ्या. हाक मारावी की मारू नये ते त्यांना समजेना. चारुता आतून आली. साडी नेसून आली होती. रिकाम्या पाटावर बसली आणि म्हणाली, "कर आई लवकर. ऊन होऊन राह्यलं, त्याले बसही पकडायची आहे." सुमतीबाईंनी दोघांना कुंकू लावलं, ओवाळलं. लक्ष्मीनारायण समोर पाहत बसले होते.

मग वाण. तेहतीस अनारसे जाळीदार, खरपूस उतरले होते. सुमतीबाईंचा हात असल्या दिवशीही चुकला नाही. नळी ताटात मावेना, म्हणून ती आडवी ठेवली होती. हरिभाऊंनी ताट दोन्ही हातांनी पुढं केलं. अभिरामनं नळीकडं पाहिलं आणि त्याला कळलं. त्यानं नको म्हणायला हात वर केला, पण वाणाला नको म्हणत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. त्यानं झाकण काढलं, तुकडा बाहेर घेतला. मुठीवरचे आकडे वाचले आणि क्षणभर तो माणूस सगळं विसरला. असं होतं माणसांचं; त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

"साडेसात, तीन नंबर... बाबा, मी स्वतः घेतली असती तर हीच घेतली असती. ही तुम्ही निवडली?"

हरिभाऊंना हो म्हणता आलं असतं. "मी नाई," ते म्हणाले. "चारूनं."

अभिरामचा हात थांबला. त्यानं हळूच शेजारी वळून पाहिलं. चारुता ताटातल्या अनारशांकडं पाहत होती. त्याचे ओठ हलले, "चारू..." आणि हरिभाऊ जरा पुढं वाकले. आता. आता म्हणेल. एकच शब्द तर आहे. सुमतीबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"पानं वाढते," म्हणून चारुता उठली.

जेवणात पुरणाचे धोंडे होते, वर तूप. अभिराम मान खाली घालून जेवला. जेवल्यावर बोलू म्हटलेलं कोणीच काढलं नाही.

बसस्टँडवर सोडायला हरिभाऊच गेले. आगारात नागपूरची बस लागलेली, पत्र्याखाली माणसं रुमालानं वारा घेत उभी. येताना एकट्या माणसाला न उचलणारं सामान आणलेला जावई परत चालला होता खांद्याला एक छोटी पिशवी आणि हातात ती नळी घेऊन. खिडकीशी बसला. नळी वरच्या फळीवर सहज मावली असती, चारुता म्हणालीच होती. पण त्यानं ती मांडीवर घेतली.

खिडकीखाली उभ्या हरिभाऊंच्या तोंडाशी किती तरी गोष्टी आल्या. उतर खाली, असं म्हणावं. तिनं नको जाऊ म्हटलं होतं, तरी का गेलास, असं विचारावं. एक झापड मारावी, नाहीतर त्याच्या पाया पडावं. ड्रायव्हर चढला, बस थरथरली. हरिभाऊंनी खिडकीच्या गजावर हात ठेवला.

"जपून न्या," ते म्हणाले. "नाजूक आहे."

बोलून गेल्यावर ते शब्द त्यांना ऐकू आले. अभिरामलाही आले असावेत. पण सवयीनं, मोठ्या माणसाला द्यायचं तेच उत्तर त्याच्या तोंडून आलं, "जपीन बाबा. काळजी नका करू." बस वळली आणि धुरात दिसेनाशी झाली. कोणीतरी हरिभाऊंना बाजूला व्हा म्हणालं, तेव्हा ते बाजूला झाले.

घरी आले तो अंगणात ऊन रणरणत होतं. कडुनिंबापासून ओट्यापर्यंत बांधलेल्या दोरीवर चारुता लोकरीचे कपडे वाळत घालत होती. स्वेटर, मफलर, कानटोप्या, जाड पायमोजे. डोंगरातली ओल त्यांना लागली होती म्हणे. कुंपणाशी रूपराव तोंड उघडून पाहत उभे होते. हरिभाऊंना या वेळी त्यांच्यासाठी उत्तर शोधावंसं वाटलं नाही.

ते दोरीशी गेले. बादलीतलं एक स्वेटर उचलून तिच्या हातात दिलं, मग दुसरं. विचारायला दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत त्यांनी जगातल्या सगळ्या काठ्यांची चौकशी केली होती.

"चारू," ते म्हणाले, "त्या दिवशी जीपमधी... तुले लय दुखलं का वं?"

चारुताच्या हातातलं स्वेटर दोरीवर पडायचं राहिलं. ती तिथंच तापलेल्या जमिनीवर बसली, आणि स्वेटरमध्ये तोंड घालून म्हणाली, "हो बाबा."